न ओढलेला दोर

मानकोली नाक्यावरून खाडीकडे उतरताना गोदामांच्या भिंती जिथे संपतात, तिथे महादू तरे याचं घर लागतं. घरापेक्षा शेजारची पत्र्याची शेड मोठी. तीत मंडपाचे लोखंडी पाइप, काथ्याचे दोर, एकात एक बसवलेल्या खुर्च्या आणि कापडाच्या घड्या. कापड भिवंडीच्याच लूमवरचं, रंगवून आणलेलं. हळदीचं पिवळं, लग्नाचं लाल-पांढरं, आणि दहाव्या-तेराव्याला लागणारं नुसतं पांढरं. आजूबाजूच्या गावांत महादूचा मंडप कधीच उभा राहिला नाही असं दार शोधावं लागेल.

माणूस मात्र अगदी बुजरा. चारचौघांत कुणी नाव मोठ्यानं घेतलं तरी त्याचे कान तापायचे. लग्नघरी जेवणाचा आग्रह झाला तर तो शेवटच्या पंगतीला, कडेची जागा धरून बसायचा आणि पहिला उठायचा. नवरदेवाच्या बाजूचा फोटो काढताना फोटोवाला ‘मंडपवाले काका, तुम्ही पण या’ म्हणाला, की काका शेडच्या दिशेनं निघालेले असत.

त्याचा बाप खाडीत शिडाचा पडाव चालवायचा. रेती, कौलं, पेंढा, मिळेल ते वाहायचा. लहानपणी बापाबरोबर पडावावर बसून महादू वारा शिकला. वैशाखात दुपारनंतर माहुलीच्या डोंगराच्या बाजूनं जे ढग चढतात, त्यांच्या पोटातून वारा आधी खाली कोसळतो आणि मग जमिनीवरून, पाण्यावरून चौफेर सुटतो. पाऊस मागून येतो. त्या वाऱ्याशी भांडायचं नसतं. बाप शिडाचा दोर सरळ सोडून द्यायचा. शीड फडफडत खाली यायचं, कधी फाटायचं, आणि महादू रडवेला झाला की बाप म्हणायचा, “फाटला तर शिवू रं. बुडालो तर कोन शिवल?”

पडाव गेले, रेतीही गेली. महादूनं मंडपाचा धंदा धरला, तेव्हा बापाचा तो दोर त्यानं मंडपात आणला. छताच्या कापडाच्या पट्ट्या एका बाजूनं तो सुरगाठींनी बांधायचा, आणि त्या सगळ्या गाठींची मोकळी टोकं एका जाड दोराला जोडायचा. तो दोर कोपऱ्यातल्या खांबावरून खाली आणलेला असे. वादळ आलं की दोर ओढायचा. गाठी एका झटक्यात सुटतात, कापड खाली येतं, वाऱ्याला धरायला काही उरत नाही आणि पाइप जागच्या जागी राहतात. खाली बसलेल्यांच्या डोक्यावर कापड पडतं एवढंच. कापडानं कुणी मरत नाही, पाइपानं मरतो.

या कामात त्याचा जोडीदार नवशा. दिघाशीच्या पलीकडच्या आदिवासी पाड्यावरचा, महादूच्याच वयाचा. अनवाणी पायानं पाइपावर असा चढायचा की खालून बघणाऱ्यानं डोळे मिटून घ्यावेत. वर नवशा गाठी मारायचा, खाली महादू ताण बघायचा. दोघंही मुलखाचे अबोल, त्यामुळे त्यांचं छान जमलं. एका डब्यातलं खायचे. पण लग्नाच्या पंगतीत नवशा मागे पाण्याच्या टाकीजवळ उभा राहायचा, आणि इतक्या वर्षांत महादूनं त्याला कधी हाताला धरून शेजारी बसवलं नव्हतं. हेही त्याला पुढे आठवायचं होतं.

तर झालं असं. पडघ्याला एक लग्न होतं. मंगलाष्टकं चालू, अक्षता हातात, आणि पूर्वेला काळाकुट्ट ढग. महादूनं ढग बघितला, नवशानं बघितला, दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि महादूनं दोर ओढला. सगळं लाल-पांढरं छत वऱ्हाडावर आलं. नवरदेवाचा फेटा कापडात अडकला, भटजी ‘सावधान’ म्हणता म्हणता आत गडप झाले, आइस्क्रीमच्या टेबलापाशी हलकल्लोळ झाला. आणि वारा? वारा आलाच नाही. ढगानं कूस बदलली आणि तो शहापूरकडे निघून गेला. पाठीमागे ठेवून गेला ते जेमतेम रस्ता ओला होईल एवढे थेंब.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला. कुणीतरी त्याला ढगांचा गडगडाट जोडला आणि वर नाव दिलं, ‘वादळशेट’. तो व्हिडिओ नाक्यावरच्या चहावाल्यापासून लूमवर ड्युटी करणाऱ्या कामगारांपर्यंत सगळ्यांच्या फोनवर फिरला. महादूचा मुलगा दिनेश ऑर्डरी घ्यायचा, त्याला लोक फोन करून विचारायचे, “मंडप पायजे, पन वादळ संगती नको हां.” महादू बाजारातून निघाला की पोरं मागून ‘धुडुम!’ करायची.

“हसतील आनि इसरतील,” बायको पार्वती म्हणायची. “तुमी का मनात धरून बसलाव?”

पण ज्याचे कान नुसतं नाव घेतल्यानं तापतात, त्याला असं सांगून काय उपयोग. महादूनं बाजारात जाणं सोडलं.

पुढच्या उन्हाळ्यात मानकोलीच्याच हरेश पाटलाकडे मुलाची हळद निघाली. हरेशच्या बापाची भातशेती होती, हरेशची गोदामं आहेत. मंडप टोलेजंग लागणार होता. दिनेश म्हणाला, “बाबा, या वेळी तो दोर नको. नीट निरगाठी मारू. लोक आधीच वाट बघतायत हसायची.”

महादूनं दोर बांधलाच. पण तो कनातीच्या मागून असा खाली आणला, की कुणाला दिसू नये. पडावावर बापानं शिडाचा दोर कधी लपवला नव्हता. हे मनात आलं, आणि त्यानं ते बाजूला सारलं.

हळदीच्या दिवशी दुपार कलली तरी उष्मा मरणाचा. फोनवर इशारा आला होता, ठाणे जिल्ह्यात मेघगर्जनेसह पाऊस, सोसाट्याचा वारा. पण असा इशारा त्या आठवड्यात रोजच येत होता. मंडपात डीजे दणाणत होता. बायका हळदीच्या गाण्यांवर नाचत होत्या. माहुलीच्या बाजूला ढग चढला. वरचं डोकं पसरून सपाट झालेलं, लोहाराच्या ऐरणीसारखं. त्याच्या पोटात वीज चमकत होती, पण डीजेमुळे गडगडाट कुणालाच ऐकू येत नव्हता. एवढा मोठा ढग नुसताच लखलखत होता, मुका.

जनरेटर सांभाळणारा माणूस हसत म्हणाला, “चाचा, आज मत गिराना हाँ, मेरा तो खाना बाकी है.”

नवशा कोपऱ्यातल्या खांबाजवळ उभा होता. झालर हलायची थांबली होती. कावळे झाडांत शिरले होते. नवशा महादूच्या जवळ आला.

“शेट, वारा पडलाय.”

“बघतोय.”

“सोडा शेट.”

महादूनं कनात बाजूला सारली आणि दोर धरला. तेवढ्यात कुणाचं तरी लक्ष गेलं. “ए, वादळशेट दोराजवळ! मोबाईल काढा, मोबाईल!” बघता बघता उंच धरलेले फोन त्याच्याकडे वळले. स्टेजवरून हरेशनं डीजे हळू करायला लावून माइक उचलला. “महादूभाऊ, अरं माझ्या पोराला हळद तरी लागू दे! मंग पाड काय पाडायचा तो!”

मंडप हसला. आणि महादूही हसला. सगळ्यांबरोबर, दात दाखवून हसला. त्यानं दोरावरून हात काढला आणि सदऱ्याला पुसला, जणू दोराला काही लागलेलं होतं.

मग हायवेच्या बाजूनं गोदामांचे पत्रे वाजू लागले. आधी लांबचे, मग जवळचे, ओळीनं. धुळीची भिंत आली आणि गार वारा मंडपात घुसला. पिवळं छत पोटुशीच्या पोटासारखं वर फुगलं. पाइप कुरकुरले. महादू दोराकडे झेपावला, पण खांब हलला तसं दोराचं टोक उडून वर गेलं होतं आणि हाताच्या पल्याड चाबकासारखं फडकत होतं.

मंडपवाल्यांची एक रीत आहे. छत उतरलं नाही आणि वारा आला, तर ज्यानं त्यानं आपापला खांब कवटाळायचा. अंगाचं वजन घालून तो जमिनीला धरून ठेवायचा, तोवर लोक बाहेर पडतात. नवशानं कोपऱ्यातला खांब कवटाळला. बायका-पोरं हरेशच्या घरात पळाली. शेवटची म्हातारी पायरी चढली, तोवर नवशा खांबाला होता. मग पाइप त्याच्यासकट उचलला गेला आणि स्टेजच्या कडेवर आदळला.

पाऊस त्यानंतर आला.

नवशाचा उजवा खांदा आणि कोपर, दोन्ही गेलं होतं. दवाखान्यात प्लास्टर घातलेला नवशा खाटेवर, आणि पायथ्याशी महादू उभा. हरेश बघायला आला. भला माणूस, त्याचे डोळे भरले होते.

“झाला कसा रं नवशा? दोर व्हता ना तुमचा?”

महादूनं तोंड उघडलं. त्याच्या आधी नवशा बोलला.

“दोर अडकला, दादा. भिजून गाठ आवळली. शेटनी लय वढला.”

हरेश वळला आणि त्यानं महादूच्या खांद्यावर हात ठेवला. “देवाच्या म्होरं कुनाचं काय चालतं? तू तुझ्या परीनं केलंस.”

पाऊस पडायच्या आधी दोर भिजला कसा, हे हरेशच्या मनात आलं नाही. ते कुणाच्याच मनात आलं नाही. महादूनं मान हलवली. हो म्हणून हलवली. ती मान त्याला पुढे वर्षभर आठवत राहिली, दुसऱ्या कुणाची असावी तशी.

त्यानंतर जे झालं ते वादळाहून वाईट. लोकांनी त्याला हसणं बंद केलं. तो व्हिडिओ ज्यानं केला होता त्यानंच पुसला, आणि घरी येऊन पाया पडून गेला. “काका, तुमी बरोबर व्हता. आमीच येडे.” बाजारात लोक उठून जागा द्यायचे. कुणाच्या लग्नात गेला तर पहिल्या पंगतीला, मधोमध बसवायचे. “या माणसाला वारा कळतो,” असं पाहुण्यांना सांगायचे. महादू खाली मान घालून जेवायचा आणि घरी येऊन पार्वतीला म्हणायचा, पोटात दुखतंय. ‘वादळशेट’ म्हणून पोरं ओरडायची, तेव्हा त्याला लाज वाटायची. पण ती उघड्यावर यायची आणि पुढे जायची. ही जायचं नाव घेत नव्हती.

तो पाड्यावर जायचा. सुकट, बोंबील असं काही घेऊन जायचा. नवशाच्या ओट्यावर दोघं बसायचे. नवशाचं प्लास्टर निघालं होतं, पण हात कोपरात वाकडाच राहिला. खांद्याच्या वर उचलत नव्हता. पाइपावर चढणं संपलं. मोहाचं झाड, कोंबड्या, विहिरीचं पाणी, या सगळ्यावर बोलणं व्हायचं. आता दोराचं बोलू, असं महादू दर वेळी ठरवायचा. नवशा बायकोला हाक मारायचा, “शेटना चहा दे गो,” आणि चहा प्यायला की महादू उठायचा.

या वैशाखात नवशा स्वतःच मानकोलीला आला. शेडच्या दारात उभा राहिला, आत आला नाही.

“शेट, भागीचं लगीन हाय.” भागी त्याची धाकटी लेक. “दारचा मांडव आमी आमच्या रीतीनं डहाळ्यांचा घालू. पन पाहुने लय हायत. म्होरल्या अंगनाला कापड लावून द्याल का?”

महादूला वाटलं, नवशानं एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी मागितलं. त्यानं दिनेशला पाठवलं नाही. स्वतः टेंपोत बसून गेला, या वयात स्वतः शिडीवर चढला. लाल-पांढरं कापड बांधलं. सुरगाठी एकेक करून स्वतः मारल्या. दोर खांबावरून खाली आणला आणि अंगणात, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

नवशा खालून बघत होता. “दोर बांधलाव?”

“बांधला.”

नवशा शिडी ओढत घराकडे गेला.

लग्नाच्या दिवशी सगळा पाडा अंगणात. डहाळ्यांच्या मांडवाच्या पुढच्या कडेला लग्न लावणारी म्हातारी धवलेरी गाणं म्हणत होती, पुढच्या अंगणात कापडाखाली पाहुणे बसले होते. पार्वतीही आली होती. दुपार कलली आणि माहुलीवर ढग चढला. इथे डीजे नव्हता. गडगडाट स्पष्ट ऐकू आला, लांबून, कुणी रिकामं पिंप घरंगळत न्यावं तसा.

झालर हलायची थांबली.

महादूनं नवशाकडे बघितलं. नवशा खांबाला टेकून बसला होता, वाकडा हात मांडीवर. त्यानं ढगाकडे बघितलं. मग जमिनीकडे बघितलं. ‘सोडा’ म्हणाला नाही. महादू थांबला, त्या एका शब्दासाठी थांबला. नवशा बोटानं माती उकरत राहिला.

हा ढग येईल की जाईल, हे महादूला खरंच कळत नव्हतं. पडघ्यालाही कळलं नव्हतं, हरेशकडेही नव्हतं. लोक म्हणत होते तसा त्याला काही वारा कळत नव्हता. दोर तेवढा हातात होता.

त्यानं दोर ओढला.

गाठी सपासप सुटल्या. कापड पाहुण्यांवर आलं, मांडवाच्या कडेला बसलेल्या बायकांवर आलं, धवलेरीच्या डोक्यावर आलं. गाणं बंद पडलं. कापडाखाली माणसांचे उंचवटे हलू लागले, पोरं रडू लागली. महादू दोर धरून वाऱ्याची वाट बघत उभा राहिला.

वारा आला नाही. आंब्याची पानं जरा सळसळली आणि गप्प झाली. ढग पाड्याला वळसा घालून पडघ्याकडे सरकला, तिकडे वीज चमकली. इकडे लख्ख ऊन पडलं.

कापडाखालून पहिलं डोकं धवलेरीचं निघालं. “देवानं एवढं आभाळ दिलाय डोक्यावर, तो काय फाटला व्हता म्हनून वर फडकी बांधलीस? आनि बांधलीस तं बांधलीस, पाडलीस कशाला रं बाबा?”

अंगण खदखदून हसलं. नवरदेवाकडचा एक तरणा पाहुणा डोक्यावरचं कापड बाजूला करत म्हणाला, “शेट, मागल्या साली म्हनं दोर अडकला. औंदा लई सैल पडला की!”

महादूचे कान तापले. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याला वाटलं, आता हसावं, सगळ्यांबरोबर दात दाखवून. तोंड तसं झालंही होतं.

“अडकला नव्हता,” तो म्हणाला.

“काय?”

“दोर. अडकला नव्हता. सुका व्हता.” आवाज इतका बारीक होता की मागचे लोक ‘काय म्हनतो, काय म्हनतो’ करू लागले. त्याला पुन्हा सांगावं लागलं. “मी वढलाच न्हाय. लोक हसत व्हते म्हनून सोडून दिला. नवशाचा हात माझ्यानं गेला.”

हसणं थांबलं. पार्वतीनं पदर तोंडाशी नेला. नवशा उठला, कुणाकडे न बघता घराच्या मागे निघून गेला.

महादू त्याच्या मागे गेला. नवशा कोंबड्यांच्या खुराड्यापाशी उभा होता. वळला तेव्हा चेहरा रागानं काळा पडला होता.

“कशाला बोललाव? कुनी इचारलं व्हतं?”

“नवशा, तू माझ्यासाठी खोटं बोललास, मला—”

“तुमच्यासाठी?” नवशा जवळजवळ ओरडला. “शेट, तो खांब कोनाचा व्हता? माझा. दोर कुठं व्हता? माझ्या खांद्याला लागत व्हता. तुमी हात काढलात, मला काय हात नव्हता? तवा व्हता ना!” त्यानं वाकडं कोपर पुढे केलं. “वारा पडला ह्ये मला आधी कळलं. आनि मी तुमच्या तोंडाकडं बघत राहिलो. शेट सोडल, शेट सोडल. शेटचा मंडप, मी कोन सोडनार? पोरंबाळं व्हती खाली.”

महादूची नजर त्या कोपरावर राहिली.

“म्हनून म्हनालो, दोर अडकला. तुमचं झाकायला न्हाय. माझं झाकायला. एवढ्या दिसात कुनाला कळलं न्हाय. आनि आज पोरीच्या लग्नात तुमी व्याह्यांच्या म्होरं मला खोटा पाडलाव.”

“आज तरी तू बोलशील असं वाटलं व्हतं,” महादू म्हणाला. “सोडा म्हनून.”

“मला न्हाय बोलता आलं,” नवशा म्हणाला. “आज बी न्हाय आलं.”

खुराड्यातली कोंबडी उगाच ओरडली. दोघं एकमेकांकडे न बघता उभे राहिले. आपली लाज आपल्या एकट्याची नव्हती, हे कळून महादूला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. हे सगळं वर्ष चहाच्या कपाआड आपण एकटेच बसलो होतो असं तो समजत होता. समोर नवशाही तसाच बसला होता, आणि त्याला ते दिसलं नव्हतं. याचीच आता नव्यानं लाज वाटली.

पुढून धवलेरीची हाक आली. “ए दोघं म्हातारे! लगीन लागायचं हाय अजून! ती फडकी उचला आधी!”

ते पुढे आले. पाहुणे बाजूला झाले. ज्या तरण्या पाहुण्यानं चेष्टा केली होती तो मान खाली घालून खुर्च्या सरळ करत होता. हे कापड एवढं लांब, की एकट्यानं घडी होत नाही. दोन टोकांना दोन माणसं लागतात. महादूनं एक टोक उचललं. दिनेश आला नव्हता, दुसरं कोण उचलणार, म्हणून तो इकडेतिकडे बघू लागला. नवशानं डाव्या हातानं दुसरं टोक उचललं. उजवा हात वर जाईना, त्यामुळे त्याच्याकडची एक बाजू खाली लोंबू लागली. महादूनं आपल्याकडचीही तेवढीच खाली केली, आणि कापड सरळ झालं.

मांडवात गाणं पुन्हा सुरू झालं. डहाळ्यांच्या फटींतून भागीच्या डोक्यावर ऊन पडत होतं.

“परत बांधायचं का?” नवशानं विचारलं. चेहरा अजून तसाच आंबट.

“ढग जाऊ दे.”

“गेला की.”

“तरी जाऊ दे.”

गर्दीतून एक पोर ‘धुडुम!’ करून पळालं. दोन-तीन जण हसले. महादूचे कान पुन्हा तापले, मानेपर्यंत तापले. नवशानं त्याच्याकडे बघितलं नाही. कापडाचं टोक मात्र त्यानं सोडलं नाही. तो दुसऱ्या घडीसाठी एक पाऊल पुढे आला.